गिरणीच्या रांगेचे वकील

माझं आयुष्य कुठल्या क्षणी वळलं ते मला नेमकं सांगता येतं. वणीच्या कोर्टामागच्या आळीत एका घराच्या ओसरीवर उभं राहून मी एका अनोळखी वकिलांना विचारलं, "पहिले हे सांगा, तुमची जात कोणती?" आणि ते रागावले नाहीत. अडकित्त्यात सुपारीचं खांड तसंच धरून ते म्हणाले, "वा रे वा! फी विचारायच्या आधी जात विचारणारा पक्षकार मले पहिल्यांदाच भेटून राह्यला. बस. माही जात मंग काढू, आधी झालं काय ते सांग."

ते वकील म्हणजे, ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, ते आपले सर्वांचे वकीलसाहेब दिनकरराव खापणे. आपली जात त्यांनी नंतरही मला कधी सांगितली नाही. पुढे ती इतरांकडून कळली, पण तोवर मला तिचं काही करायचं उरलं नव्हतं.

'वकीलसाहेबांचे कार्य, मूल्ये आणि स्वभाव यांविषयी संयमाने लिहावे', असं संपादक मंडळाचं पत्र आलं. या ग्रंथात लिहिणारी बाकीची मंडळी मोठी आहेत. निवृत्त न्यायाधीश आहेत, मुख्याध्यापक आहेत. मी इंटरमधून कॉलेज सोडलेला माणूस. सध्या वकीलसाहेबांच्याच कचेरीत मुन्शी. संयम हा माझा गुण नाही, हे वणीच्या कोर्टातले पट्टेवालेसुद्धा सांगतील. वकीलसाहेब मला माझ्या नावानं फार कमी वेळा हाक मारतात. 'इंजिन' म्हणतात. म्हणून मी त्यांच्या सगळ्या कार्याबद्दल लिहिणार नाही. एकाच खटल्याबद्दल लिहितो, कारण तो मी बिघडवला होता आणि त्यांनी सावरला. त्या खटल्यात माझ्या उतावीळपणापायी एका मुलीचं नाव पणाला लागलं होतं. ते आजही पूर्ण सुटलेलं नाही. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. कोर्टाच्या कागदांत ती 'फिर्यादी' आहे. मीही तिला फिर्यादीच म्हणतो.

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे. गावात एक पिठाची गिरणी, तेलाच्या इंजिनावर चालणारी. धुराड्यावर डबडं बसवलेलं, त्याची पुकपुक शिवारापर्यंत ऐकू येते. दळणाचे डबे ओळीनं मांडायचे, ज्याचा डबा पुढं त्याचं दळण आधी, अशी रीत. पण आमच्या वस्तीचे डबे त्या ओळीत नसत. बाहेर निंबाखाली वेगळे. सगळ्या गावाचं झालं की शेवटी आमचं.

नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली. आमच्या वस्तीनंही घेतली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी अमरावतीहून कायमचा परत आलो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर जातीच्या रकान्यात मी 'बौद्ध' लिहिलं होतं. कारकून म्हणाले, "जुनं नाव लिहा, नाही तर शिष्यवृत्ती मिळत नसते." मी तो फॉर्म त्यांच्यासमोर टरकावला आणि पुस्तकं बांधून गावी आलो. वस्तीत माझं कौतुक झालं. ते डोक्यात गेलं.

फिर्यादी आमच्या वस्तीतल्या नथ्थूजींची मुलगी. सातवी पास, बोलणं मोजकं. ती दळणाला निघाली होती. मी वाटेत उभा होतो. उभा कायले होतो ते वाचकांनी समजून घ्यावं. मी म्हणालो, "आता निंबाखाली कायले ठेवता डबा? दीक्षा घेतली ना आपण? रांगेत ठेव."

ती म्हणाली, "तू येतो काय संग?"

"मी आहोच ना मांगं."

ती गेली आणि तिनं डबा रांगेत ठेवला. चौथा नंबर. गिरणीमालकांनी तो उचलून निंबाखाली नेला. तिनं परत आणला. त्यांनी परत नेला. तिनं परत आणला. तेव्हा त्यांनी चालू इंजिनाचा पट्टा उतरवला आणि म्हणाले, "आता कोणाचंच दळत नाही. हिले विचारा काहून ते." रांगेतल्या बाया तिच्यावर तुटून पडल्या. मालकांनी पायानं डबा लोटला. ज्वारी मातीत सांडली. मी मागं होतो खरा, पण पानठेल्याशी, गप्पांत. धावत पोचलो तोवर ती खाली बसून ज्वारी भरत होती. मी मालकांच्या अंगावर गेलो, लोकांनी मला धरलं. त्या दिवसापासून आमच्या वस्तीचं दळणच बंद झालं. बायांनी माळ्यावरची दगडी जाती खाली काढली. पहाटे घरोघर घरघर सुरू झाली आणि दर घरातून माझा उद्धार.

मी ठाण्यात तक्रार लिहून दिली. अक्षर माझं चांगलं आहे. तिच्या नावानं लिहिली, तिची सही घेतली. त्यात मी मोठ्या ऐटीनं लिहिलं: 'आम्ही बौद्ध असून आम्हांस जात नाही. आम्ही अस्पृश्य नाही.' आम्हा लोकांशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. वर्षानुवर्षांचं ओझं टाकलं होतं, ते टाकल्याचं जिथं संधी मिळेल तिथं लिहायची हौस होती. ठाण्यात तो कागद पडून राहिला. चौकशी झाली नाही. मग मी वकील शोधायला निघालो.

यवतमाळच्या कोर्टात एका वकिलांनी तारीख पाहून सांगतो म्हटलं, ती तारीख आलीच नाही. दुसऱ्यांनी माझ्या तक्रारीची नक्कल वाचून मला परत दिली. "अहो, तुम्हीच लिहून दिलंय की तुम्ही अस्पृश्य नाही. मग अस्पृश्यतेच्या गुन्ह्याचा कायदा तुम्हाला लागतो कसा?" मी नक्कल घडी घालून खिशात टाकली. तिसऱ्यांनी कीव केली. म्हणाले, "नवी फिर्याद करू. त्यात जुनी जात घाला. दोन तारखांत निकाल." मी त्यांच्याशी भांडून बाहेर पडलो. तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं. फिर्यादीचं नाव पारावर निघत होतं. नथ्थूजी मला म्हणाले, "बाप्पा, तुह्या कागदानं पोट नाही भरत. माही पोरगी लोकाईच्या तोंडी बसली. कायतरी कर, नाही तर तो कागद मांगं घे."

वणीच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे एक म्हातारे होते. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "खापण्याकडं जा. हारायची त्याले लाज वाटत नाही."

असा मी त्या ओसरीवर पोचलो.

वकीलसाहेबांची कामाची एक पद्धत आहे. नवा पक्षकार आला की ते त्याच्याकडून हकीकत तीनदा ऐकतात. पहिल्यांदा तो उभा असताना, दुसऱ्यांदा बसवून, तिसऱ्यांदा जेवण झाल्यावर. मी वैतागलो. त्यांनी समजावलं, "पहिल्यांदा माणूस राग सांगतो. दुसऱ्यांदा वकिली सांगतो. पोट भरल्यावर मंग जे झालं ते सांगतो." त्यांनी फिर्यादीला आणि नथ्थूजींना बोलावून घेतलं. काकूंनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नींनी, आम्हा तिघांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून वरण-पोळी वाढली. नथ्थूजी पाटाच्या कडेला टेकून बसले होते. काकू म्हणाल्या, "भाऊ, पाट मोडत नाही, नीट बसा. तुमच्यापेक्षा जड वकील बसतात त्यावर."

जेवण झाल्यावर फिर्यादी तिसऱ्यांदा सांगू लागली. रांग, डबा, पट्टा, सगळं तेच. शेवटी सहज म्हणाली, "...अन् पहिले निंबाखाली ठेवत होतो तवा तरी दळून देत. आमचं झालं का मालक आपल्या पोत्यातली मूठभर जवारी दगडात टाकत, ते पीठ बाहीर फेकून देत, अन् मंग इंजिन बंद."

वकीलसाहेबांचा अडकित्ता थांबला. "मूठ? कायले?"

"दगड साफ व्हावा म्हणून. सकाळच्या पहिल्या दळणाले आमचं लागू नये."

"हे तू पहिले दोनदा काहून नाही सांगतलं?"

ती गोंधळली. "हे काय सांगाचं आहे? हे तं रोजचंच."

वकीलसाहेबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग त्यांनी आम्हाला कायदा सांगितला. तो मला आजही त्यांच्या शब्दांत पाठ आहे. "दोन वाटा आहेत. फिर्यादीत जुनं नाव घातलं तर हा कायदा तुमच्या बाजूनं आधीच उभा राहतो. अनुसूचित जातीच्या माणसाले नाडलं म्हणजे ते अस्पृश्यतेपोटीच, असं कोर्टानं धरून चालायचं. नाही म्हणून सिद्ध करायचं ते समोरच्यानं. 'बौद्ध' म्हणूनच उभे राहाल तर ती सवलत नाही. मंग त्याच्या मनात काय होतं ते आपल्याले सिद्ध करावं लागेल. हारूही शकतो."

नथ्थूजी लगेच म्हणाले, "लिहा जी जुनं. एका दिवसापुरतं. घरी आलो का पुन्हा बौद्ध."

मी उसळलो. "बाबा, काय बोलून राह्यले तुम्ही!"

"तू गप बस," वकीलसाहेब मला म्हणाले. पहिल्या भेटीतच एकेरीवर आले होते. "तू फॉर्म फाडला, तुह्यं कॉलेज गेलं. ते तुह्यं होतं. साक्षीच्या पेटीत उभी ही राहणार. हिले काय फाडायले सांगतो?" मग फिर्यादीकडे वळून, "तुम्ही सांगा." तिला ते पहिल्यापासून 'तुम्ही' म्हणत. आमच्या गावात तिला तोवर कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "मी ते नाव नाही घेणार. हारलो तं हारलो."

"मंग ठरलं," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. त्यांची मूल्ये कोणती असं संपादक मंडळानं विचारलं आहे. सोपी वाट समोर असताना ती कोणाच्या गळ्यात न मारणं आणि अवघड वाट निवडलेल्याला एकटं न सोडणं, हे मी त्या दुपारी पाहिलं. त्याला काय म्हणतात ते विद्वानांनी ठरवावं.

मी मात्र त्या निश्चयाला टिकलो नाही, हेही लिहायला हवं. ठाण्याच्या वाटेवर न जाता थेट कोर्टात खाजगी फिर्याद दाखल झाली. तारखा पडू लागल्या. दर तारखेला फिर्यादीनं गावातून निघायचं, मोटारीत लोकांनी कुजबुजायचं, कोर्टात समोरचे वकील आजारी. तिसऱ्या तारखेला ती परतताना मोटारीच्या मागच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, पेटीत तिला सगळ्यांदेखत विचारतील, जात काय, जात काय. ती रडेल. मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, घालून टाका ना जुनं नाव. मी तिले समजावतो."

त्यांनी चष्मा काढला. "इंजिन थंड पडलं वाटते."

"मस्करी नका करू. तिचं काही वाईट झालं तर?"

"भेव तुले वाटून राह्यलं का तिले?"

मग जे कोणालाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगून टाकलं. डबा रांगेत ठेव म्हणालो ते काही दीक्षेच्या तेजानं नाही. मला तिच्यापुढं मोठं दिसायचं होतं. ती पुढं गेली आणि मी पानठेल्याशी थांबलो. वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "हे फिर्यादीत लिहायचं नसते. पण ठेव ध्यानात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट केली, ती वणीच्या वकिलांत अजून थट्टेचा विषय आहे. घरचा डबा ज्वारीनं भरला आणि मोटारीनं आमच्या गावी दळायला आले. स्टँडवर एक वकीलमित्र म्हणाले, "काय खापणे, वणीतल्या गिरण्या बंद पडल्या काय?" वकीलसाहेब म्हणाले, "तिथलं पीठ बारीक येते म्हणतात." गिरणीत जाऊन त्यांनी मालकांना सरळ सांगितलं, "मी त्या पोरीचा वकील. पण दळण माह्यं आहे." गिरणीमालक मानी माणूस. त्यांनी पोतं झटकून बसायला दिलं. वकीलसाहेब रांगेत डबा ठेवून दोन तास बसले. ज्वारीवर हरभरा दळला गेला, हरभऱ्यावर गहू. एक बाई ओरडली, "अहो, माह्या गव्हात पिवळं आलं!" मालक म्हणाले, "थोडं इकडचं तिकडं होतेच, माय." मूठ एकदाही पडली नाही. वकीलसाहेब पीठ घेऊन परतले. धोतर, मिशा, भुवया सगळं पांढरं. काकू म्हणाल्या, "हे काय, साठी आधीच आणली काय?"

साक्षीच्या दिवशी त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं. "हात मांडीखाली घाल अन् त्यावर बस. उठला तर मी वकीलपत्र सोडून देईन." मी हातांवर बसलो. फिर्यादी पेटीत चढली. धुतलेलं पांढरं लुगडं, तोंड सुकलेलं. समोरच्या वकिलांनी माझाच तो कागद काढला आणि सावकाश वाचला. 'आम्ही अस्पृश्य नाही.'

"ही सही तुमची?"

"हो जी."

"म्हणजे तुम्ही अस्पृश्य नाही?"

"नाही."

"मग तुमची जात कोणती?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सोडली."

"कोणती सोडली, ते तर सांगाल?"

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. हरकत घ्यायची ती आता. ते उठले नाहीत. फायलीत मान घालून बसले होते. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. फिर्यादीनं पेटीचा कठडा घट्ट धरला आणि म्हणाली, "ते गिरणीवाल्याले विचारा जी. मी विसरून राह्यली. त्याले पक्कं पाठ आहे."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली, पण ती जरा उशिरानं. हसले नाहीत ते दोघंच. एक मी, दुसरे गिरणीमालक. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

नंतर मी वकीलसाहेबांना विचारलं, "तुम्ही काहून नाही उठले?" ते म्हणाले, "मी उठलो असतो तर ते उत्तर माह्यं झालं असतं."

त्या हसण्यानं गिरणीमालक दुखावले. आरोपीनं स्वतः साक्ष द्यावी अशी सक्ती नसते. त्यांच्या वकिलांनीही नको नको म्हटलं. पण त्यांनी हट्ट धरला, आणि पुढच्या तारखेला ते शपथ घेऊन पेटीत उभे राहिले. म्हणाले, डब्यातली ज्वारी ओली होती, दगडाला चिकटली असती, म्हणून घेतली नाही; जातीपातीचा काही संबंध नाही. मग वकीलसाहेब उठले. इतक्या गोडीनं बोलू लागले की मला त्यांचाच राग आला.

"मालक, मी आलो होतो दळायले. पीठ छान होतं."

"आपली गिरणीच तशी आहे जी."

"इमानदारीचा धंदा तुमचा."

"तीस गावात विचारा. कोणाच्या पिठात कोणाचं जात नाही."

"ते कसं काय? दगड तर एकच."

"मी काळजी घेतो. गरज पडली का माह्या पदरची मूठ टाकतो दगडात. ते पीठ फेकून देतो. फुकटात."

"वा! म्हणजे हरभऱ्यावर गहू आला का मूठ?"

"नाही जी, त्याले कायले? तेवढं मिसळतेच."

"ओली जवारी दळल्यावर?"

"ओली मी घेतच नाही."

"मंग मूठ कवा टाकता?"

"त्याहिचं दळण झाल्यावर."

"त्याहिचं म्हणजे?"

आणि गिरणीमालकांनी, भर कोर्टात, शपथेवर, ते नाव घेतलं. फिर्यादीनं जे घेतलं नव्हतं ते. ते मी इथं लिहीत नाही. ते बोलले आणि लगेच त्यांच्या वकिलांनी डोळे मिटले. गिरणीमालकांना मात्र काय झालं ते कळलं नाही. ते मोठ्या अभिमानानं उभे होते. आपल्या पदरची ज्वारी फेकणारा सचोटीचा माणूस. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती भीती. किती सरळ मनानं हे सगळं चालत आलं होतं!

वकीलसाहेब "बस, एवढंच" म्हणाले आणि खाली बसले.

निकाल इंग्रजीत वाचला गेला. मला अर्धा कळला. नथ्थूजींनी वकीलसाहेबांची बाही ओढली, "काय म्हणून राह्यले जी?" वकीलसाहेब म्हणाले, "डबा रांगेत." गिरणीमालकांना शिक्षा म्हणून दंड झाला. त्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या अकरा बाया डबे घेऊन गेल्या आणि रांगेत बसल्या. पुकपुक सुरू झाली. मूठ पडली नाही. फिर्यादी गेली नव्हती. तिला घराबाहेर पाठवायचं नाही असं नथ्थूजींनी ठरवलं होतं.

कारण खटला चालू असतानाच घाटंजीकडून आलेलं तिचं स्थळ मोडलं होतं. कोर्टात चढलेली पोरगी आम्हाला नको, असा निरोप आला. आपल्याच लोकांकडून. नथ्थूजी मला चार माणसांत म्हणाले, "खटला जिंकला अन् माही पोरगी हारली. तुह्या पायी. माह्या घराकडं फिरकू नको." मी तसाच माघारी फिरलो.

इथंही वकीलसाहेबच पुढं झाले. दुसऱ्या कोणी निकाल लागताच फाईल बांधली असती. ते आणि काकू आमच्या गावी आले, नथ्थूजींच्या ओट्यावर बसले. काकू म्हणाल्या, "भाऊ, मले मुलगी नाही. दोन वर्षं द्या. मास्तरणीचं ट्रेनिंग करू द्या, मंग घेऊन जा." फिर्यादी त्यांच्या घरी राहिली, शिकली. ती स्वयंपाकघरात वावरते म्हणून स्वयंपाकीणबाई काम सोडून गेल्या. काकू पदर खोचून म्हणाल्या, "बरं झालं. तिखट फार टाकत होती." याच दिवसांत वकीलसाहेबांनी मला कचेरीत घेतलं, माझ्या सुंदर अक्षरासाठी, कारण त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांनाही वाचता येत नाही. पहिल्या दिवशी ताकीद दिली, "काही लिहिलं का मले दाखवल्याबिगर सही घ्यायची नाही. कोणाचीच."

त्यांच्या इतर कामांबद्दल बाकीचे लेखक लिहितीलच. जंगलातल्या वहिवाटीसाठी आलेले कोलाम आदिवासी, कापसाच्या जिनातून काढलेले हमाल, सासरच्यांनी हाकललेल्या विधवा. ते पुष्कळदा हरलेही आहेत. हरल्यावर ते पक्षकाराला घरी आणतात आणि जेवू घालतात. छत्री विसरतात. तारीख विसरत नाहीत. कापसाच्या हंगामात हवेत धुळीचा फफूटा सुटला की त्यांना दम लागतो. मागच्या हिवाळ्यात युक्तिवाद करता करता ते मध्येच थांबले, कठड्याला टेकले, आणि सगळं कोर्ट उभं राहिलं. तेव्हापासून ते जिना चढू लागले की मी मागून त्यांच्या पायऱ्या मोजतो. त्यांना ते ठाऊक आहे. म्हणतात, "इंजिन मांगं लागलं का डबा चालतेच."

हा लेख मी रविवारी, त्यांच्या रिकाम्या कचेरीत बसून लिहितो आहे. मघा ते डोकावून गेले.

"काय लिहून राह्यला?"

"तुमचा गौरव."

"तो राहू दे. नथ्थूजीकडं कवा जातो?"

फिर्यादी आता मुकुटबनला शाळेत शिकवते. दिवाळीत ती काकूंकडे आली होती. मी अंगणात होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी फाईल पाहू लागलो. चार वर्षं मी हेच करतो आहे. जाताना ती काकूंना सांगून गेली, "त्याले म्हणा, आधी माह्या बापाची माफी माग. मंग पाहू." हा निरोप मिळून तीन महिने झाले. रोज उद्या जातो म्हणतो.

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही चाला ना संग. नथ्थूजी तुमचं ऐकतात."

"नाही. या कामात मी वकीलपत्र घेणार नाही."

"मी काय सांगू पण तिथं?"

"माह्यापुढं कबूल केलं ना ते. म्हणाचं, डबा ठेव म्हणालो तो माह्या मोठेपणासाठी, अन् मांगं आहो म्हणालो तरी मांगं नव्हतो. तेवढंच सांग. सफाई देऊ नको."

"अन् त्याहिनं हाकललं तर?"

"तर परत ये. उद्या जामिनाचे दोन अर्ज टाइप करायचे आहेत."

एवढं बोलून ते घरात गेले. आतून खोकला ऐकू येतो आहे.

संपादक मंडळाला हा मजकूर या ग्रंथात शोभत नसेल तर त्यांनी तो कापावा; मात्र पुढच्या चार ओळी ठेवाव्यात. वकीलसाहेबांचा दमा हटो. कापसाचा हंगाम त्यांना सोसवो. त्यांच्या ओसरीवर रागानं थरथरत येणाऱ्यांना बसवून घेणारे ते पुष्कळ वर्षं तिथंच असोत, आणि काकूंच्या हातचं वरण त्यांच्या आणि त्यांच्या पक्षकारांच्या वाट्याला असंच येत राहो. शंभरीच्या ग्रंथात लिहायला माझ्यापेक्षा शहाणा माणूस मिळो.

शेवटच्या ओळी घाईत लिहिल्या, म्हणून अक्षर बिघडलं. छापखान्यानं सांभाळून घ्यावं. आमच्या गावाकडची मोटार सुटायला थोडाच वेळ आहे. कागद टेबलावर ठेवले, त्यांवर अडकित्ता ठेवला. मी निघालो. दार ओढून घेतो.